परक्या बागेतल्या रुळांवर वाफेचं इंजिन: क्लबच्या सहलीसाठी पेटवणीपासून विझवणीपर्यंत

माणसं ओढणारी छोटी वाफेची रेल्वे इंजिनं चालवणाऱ्या क्लबच्या स्वतःच्या मार्गावर प्रत्येक वळण हाताखालचं असतं. कुठे रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारा व्हॉल्व्ह) उघडायचा, कुठे कोळसा टाकायचा, हे विचार न करता जमतं. बागेतला मार्ग मात्र यजमानाने आपल्या जागेला आणि आपल्या इंजिनाला जमेल तसा बसवलेला असतो. तो लांबीला कमी असतो, वळणांना आखूड असतो, आणि झाडाझुडपांमागे त्याचा चढ दिसतही नाही. सहलीच्या दिवशी इंजिनं अडतात ती बहुधा बिघाडामुळे नाही, तर चालवणाऱ्याला मार्ग ठाऊक नसल्यामुळे. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा मार्ग समजून घ्यायला आणि बॉयलरमधल्या पाण्याला दिली आहे.

आकडे ५ इंची गेजच्या (दोन रुळांमधलं अंतर १२७ मि.मी.), कोळशावर चालणाऱ्या, तांब्याचा बॉयलर आणि दर चौरस इंचाला ८० पौंड (साधारण ५.५ बार) कामाचा दाब असलेल्या इंजिनासाठी आहेत. साडेतीन इंची (८९ मि.मी.) किंवा सव्वासात इंची (१८४ मि.मी.) इंजिनाला हिशोबाची रीत तीच, आकडे आपले घाला.

यजमानाला आधी विचारायच्या गोष्टी

गेज कोणतं, रूळ जमिनीलगत आहेत की कंबरेएवढ्या उंचीवर, बॉयलरची कोणती प्रमाणपत्रं लागतील, विमा कोणाचा, इंजिन उतरवायला टेबल आहे का, पाणी पावसाचं साठवलेलं आहे की नळाचं, ही चौकशी सगळेच करतात. दोन आकडे मात्र विचारायचे राहून जातात: सर्वांत आखूड वळणाची त्रिज्या आणि सर्वांत कठीण चढ, त्याच्या लांबीसकट.

त्रिज्येचा हिशोब सोपा आहे. पहिल्या आणि शेवटच्या जोडचाकांमधल्या (दांड्याने एकमेकांना जोडलेल्या, इंजिन ओढणाऱ्या चाकांमधल्या) अंतराचा वर्ग घ्या आणि त्याला त्रिज्येच्या आठपटीने भागा. तीन जोड्यांच्या इंजिनात हे अंतर ४०० मि.मी. असेल आणि वळण ८ मीटर त्रिज्येचं असेल, तर मधल्या चाकांना २.५ मि.मी. बाजूला सरकावं लागतं. त्रिज्या १५ मीटर असेल तर दीड मि.मी.च्या आतच भागतं. मधल्या आसाला तेवढी मोकळीक नसेल आणि मधली चाकं बिनकडेचीही (रुळाला धरून ठेवणारी कड नसलेली) नसतील, तर ते इंजिन त्या वळणात अडकेल किंवा चढून रुळाबाहेर पडेल. तिथे जाऊन बघू म्हणण्यापेक्षा दुसरं इंजिन न्या.

चढाचाही हिशोब घरीच करून ठेवा. समजा, इंजिन आणि टेंडर (मागची कोळसा-पाण्याची गाडी) मिळून ७० किलो, ट्रॉल्या (माणसं बसायच्या गाड्या) ६० किलो आणि सरासरी ७० किलोची पाच माणसं. एकूण ४८० किलो झाले. ६० मीटरला १ मीटर चढ असेल तर नुसत्या चढासाठी ८ किलोची ओढ लागते. चाकांचा आणि वळणांचा विरोध वजनाच्या एक टक्का धरला तर आणखी जवळपास ५ किलो, म्हणजे एकूण १३. आता इंजिनाच्या जोडचाकांवर ४४ किलो वजन असेल, तर कोरड्या रुळावर त्याच्या साधारण चौथा हिस्सा, म्हणजे ११ किलो एवढीच पकड मिळते. दाब कितीही असला तरी गाडी चढणार नाही, चाकं जागच्या जागी फिरतील. तीन माणसं घेतली तर गरज ९ किलोवर येते आणि इंजिन बिनतक्रार चढतं. रुळावर दव किंवा ओली पानं असतील तर पकड निम्मी होते. तेव्हा सकाळी माणसं कमीच बसवायची.

आधीचा आठवडा

बॉयलरची पाण्याच्या दाबाची चाचणी आणि वाफेची चाचणी मुदतीत आहे ना, ते आधी पाहा. दाबाची चाचणी थंड पाण्याने करतात त्याला कारण आहे. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तरी फक्त पाणी गळतं. तेच काम वाफेने केलं तर साठलेली सगळी शक्ती एकदम बाहेर पडते.

बॉयलरमधल्या, आगीचा धूर नेणाऱ्या नळ्या ब्रशने साफ करा. धूरपेटीचं (धुरांड्याखालच्या पेटीचं) दार आणि धूरपेटीतून जाणाऱ्या नळांभोवतीच्या फटी तपासा. धूरपेटीत बाहेरची हवा शिरत असेल तर धुरांड्यातला वापरलेल्या वाफेचा झोत शेगडीतून हवा ओढण्याऐवजी त्या फटीतूनच ओढतो. मग कोळसा चांगला आणि आग नीट असूनही वाफ काही बनत नाही. दाब धरत नाही अशी तक्रार असली की आधी इथे पाहावं. झोताच्या नळाचं तोंड धुरांड्याच्या बरोबर मध्यावर आहे का, तेही याच वेळी पाहून घ्या.

इंजेक्टर (वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी घालणारं साधन) काढून त्याचे शंकू (आतल्या निमुळत्या नळ्या) सायट्रिक आम्लाच्या पातळ पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवा. क्षार निघाले की स्वच्छ पाण्याने धुवा, पण तारेने टोकरू नका. त्या भोकांचं माप सूतभर जरी बदललं तरी इंजेक्टर कामातून जातो.

सोबत न्यायच्या पेटीत हे असू द्या: पाण्याच्या काचेची (बॉयलरमधली पातळी दाखवणारी) मापाने कापलेली जादा नळी आणि तिच्या रबरी कड्या, जादा इंजेक्टर, सिलिंडरसाठी घट्ट वाफेचं तेल, सांध्यांसाठी साधं तेल, पान्हे, लांब दांड्याचं फावडं आणि सळई, नळ्यांचा ब्रश, धुरांड्यावर बसणारा विजेचा पंखा आणि त्याची १२ व्होल्टची बॅटरी, चामडी हातमोजे, चष्मा, झाकणाची पत्र्याची पेटी राखेसाठी, आणि अग्निशामक. दिवसभरासाठी ५ ते ६ किलो वाफेचा (दगडी) कोळसा पुरतो, वाटाण्यापासून द्राक्षाएवढ्या आकाराचा, चाळून भुगा काढलेला. एक किलो लोणारी कोळसा घ्या. त्यातला अर्धा आदल्या रात्री झाकणाच्या डब्यात रॉकेलमध्ये भिजत ठेवा आणि निघण्यापूर्वी वरचं रॉकेल निथळून काढा.

इंजिन उतरवताना

टेंडर वेगळा करा. बॉयलर रिकामा असू द्या. पुढच्या-मागच्या बफरच्या आडव्या पट्ट्यांना धरूनच उचला. कठडे, पायपट्ट्या आणि पाइप हे धरण्यासाठी नसतात, ते वाकतात आणि सांधे गळू लागतात. दोघांनी उचलायचं, तिसऱ्याने रुळावर चाकं बसतात का ते पाहायचं.

रूळ पायी फिरून पाहा

इथे अर्धा तास गेला तरी वाया जात नाही. गाडी ज्या दिशेने चालणार त्याच दिशेने पूर्ण फेरी पायी मारा. सांध्यांच्या फटीत खडे, काटक्या, फळांच्या बिया अडकलेल्या असतात, त्या काढा. रुळांच्या जोडांवर बोट फिरवा. एक रूळ दुसऱ्यापेक्षा वर आलेला हाताला लगेच कळतो. वाकलेल्या फांद्या बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहेत का, बोगद्यात किंवा मांडवाखाली खांदे घासतील का, हे ट्रॉलीवर प्रत्यक्ष बसून पाहा.

मग रिकामी ट्रॉली हाताने ढकलत आणखी एक फेरी मारा. डोळ्यांना सपाट दिसणारा मार्ग हाताला वेगळा लागतो. जिथे ढकलताना जोर लागतो तिथे चढ आहे, आणि जिथे ट्रॉली आपोआप पुढे पळते तिथे ब्रेक लागणार आहे. शेवटी थंड इंजिन सर्वांत आखूड वळणातून हाताने हळू ढकलत न्या. एकाने गुडघ्यावर बसून मधल्या चाकाची कड आणि टेंडरचा जोडदांडा यांवर नजर ठेवायची. कड रुळाच्या माथ्यावर चढू पाहत असेल तर रुळावर चाकाची एक चकचकीत तिरकी रेघ उमटते. ती दिसली की तिथेच थांबा आणि इंजिन मागे घ्या.

फिरताना तीन जागा मनात पक्क्या करा: चढ सुरू होण्यापूर्वी कोळसा कुठे टाकायचा, माथा कुठे आहे आणि उतारावर ब्रेक कुठून लावायचा. बागेत रूळ घालण्याची हौस जुनी आहे. सर आर्थर हेवूड यांनी १८७४ साली इंग्लंडमध्ये डफिल्डच्या आपल्या घराच्या आवारात १५ इंची गेजचा मार्ग बांधायला घेतला, तो चढांचा आणि आखूड वळणांचाच होता. घराभोवतीच्या जागेत सपाट आणि सरळ मार्ग क्वचितच मावतो.

पेटवणी

१. काच अर्ध्याहून जराशी वर येईल एवढंच पाणी भरा. थंड पाणी ८० पौंडाच्या दाबाला पोहोचेपर्यंत सुमारे १६२ अंश तापतं आणि जवळजवळ दहा टक्के फुगतं. चार लिटरच्या बॉयलरमध्ये त्यामुळे पातळी ८–९ मि.मी. वर चढते. आधीच काठोकाठ भरलं तर निघताना पाणी थेट सिलिंडरमध्ये जाईल.

२. शेगडी आणि राखपेटी जागेवर आहेत आणि त्यांची खीळ पूर्ण आत आहे ना, पाहा. ही खीळ ओढली की आग खाली पाडता आली पाहिजे. ती सहज निघते का, हे आत्ताच करून बघा.

३. सगळ्या सांध्यांना तेल द्या, सिलिंडरच्या तेलाची टाकी भरा. तेलपंप यांत्रिक असेल तर हाताने फिरवून तेल पुढे सरकतं का ते बघा.

४. धुरांड्यावर पंखा बसवा. रॉकेलमध्ये भिजवलेला लोणारी कोळसा शेगडीभर पसरा, वर थोडा कोरडा टाका. पंखा चालू करा आणि मगच भट्टीच्या तोंडाशी काडी लावा. उलट केलंत तर ज्वाळा तोंडावर येतील.

५. निखारे लाल झाले की उरलेला लोणारी कोळसा, आणि मग मूठ-मूठ दगडी कोळसा. आधी कोपऱ्यांत टाका, मध्यभागी शेवटी. कोपरे थंड राहिले की तिथून थंड हवा आत शिरते.

६. दहा-बारा मिनिटांत दाबाचा काटा हलतो. २० ते ३० पौंडांवर इंजिनाचा स्वतःचा ब्लोअर (धुरांड्यात वाफेची धार सोडून हवा ओढणारा) उघडा, त्याचा आवाज ऐकू आला की पंखा काढा. दोहोंमध्ये क्षणाचाही खंड नको.

७. ४० पौंडांवर पाण्याच्या काचेचा खालचा कॉक उघडून काच रिकामी होऊ द्या आणि बंद करा. पाणी झटकन, उसळी मारत परत आलं तर मार्ग मोकळे आहेत. रेंगाळत आलं तर खालचा किंवा वरचा मार्ग तुंबला आहे आणि काच खोटं दाखवते आहे. अशा इंजिनावर माणसं बसवायची नाहीत. बारीक नळीत हवेचा बुडबुडा अडकूनही पातळी खोटी दिसते, म्हणून ही तपासणी दिवसभर अधूनमधून करत राहा.

८. पूर्ण दाबावर दोन्ही सेफ्टी व्हॉल्व्ह उडतात का ते पाहा. आग भरपूर, ब्लोअर उघडा, रेग्युलेटर बंद, अशा स्थितीतही दाब कामाच्या दाबापेक्षा दहा टक्क्यांहून वर जाता कामा नये. ८० चा बॉयलर असेल तर ८८ ही हद्द. काटा त्यापलीकडे सरकला तर आग पाडा, व्हॉल्व्हचा स्क्रू तिथल्या तिथे फिरवू नका.

इंजेक्टर का रुसतो

इंजेक्टरचा शोध फ्रान्सच्या आंरी जिफार यांनी १८५८ साली लावला. वाफेचा वेगवान झोत थंड पाण्यावर थिजतो (निवून त्याचं पाणी होतं), तो वेग पाण्याला मिळतो आणि पाणी बॉयलरच्याच दाबाविरुद्ध आत घुसतं. थिजणं झालं नाही तर काम होत नाही. त्याचे सगळे रुसवे-फुगवे इथूनच येतात.

टेंडरमधलं पाणी ३५–४० अंशांच्या वर गेलं की वाफ नीट थिजत नाही. दुपारी उन्हात उभ्या इंजिनाचं पाणी एवढं सहज तापतं, तेव्हा टेंडर रिकामा करून थंड पाणी भरा. पाणी ओढणाऱ्या नळात सुईच्या टोकाएवढी जरी गळती असली तरी हवा शिरते आणि पाण्याची धार तुटते. बॉयलरच्या तोंडाशी असलेला एकदिशा व्हॉल्व्ह गळत असेल तर गरम पाणी मागे येऊन इंजेक्टरच तापवतं. हात लावून भाजला तर रोग हाच. त्याच्यावर ओला फडका ठेवा, थंड झाला की पुन्हा चालवून पाहा.

चालवण्याचा क्रम पक्का ठेवा. आधी पाणी उघडा, बाहेरच्या नळीतून धार पडू द्या. मग वाफ एका झटक्यात पूर्ण उघडा. धार थांबून बारीक चिवचिव ऐकू आली की पाणी आत जातं आहे. बाहेर नुसतं पाणीच पडत राहिलं तर पाण्याचा कॉक किंचित बंद करा. नुसती वाफ फसफसली तर इंजेक्टर गरम आहे किंवा हवा ओढतो आहे. बंद करताना आधी वाफ, नंतर पाणी. दाब कमी असताना त्याच्या मागे लागू नका, तेव्हा हातपंपच कामाचा. टेंडरचा हातपंप चालत नसेल तर इंजिन पेटवायचंच नाही, एवढा नियम प्रत्येक क्लबने पाळावा असं आमचं मत आहे.

पहिली फेरी एकट्याने

सिलिंडरचे ड्रेन कॉक (साचलेलं पाणी सोडणारे) उघडे ठेवून, रिव्हर्सर (दिशा आणि सिलिंडरला किती वाफ मिळेल ते ठरवणारा दांडा) पूर्ण पुढे टाकून रेग्युलेटर अगदी अलगद उघडा. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं. ते अडकलं तर दट्ट्याला पुढे जागाच उरत नाही आणि झाकण फुटतं किंवा दांडा वाकतो. बाहेर कोरडी वाफ येऊ लागली की कॉक बंद. वेग आला की रिव्हर्सर मधल्या बाजूला थोडा-थोडा आणा, वाफ वाचते. चाकं घसरली तर रेग्युलेटर लगेच मिटा आणि पुन्हा हळू उघडा. तसंच रेटत राहिलात तर झोत आग ढवळून शेगडीत खड्डे पाडतो.

रेग्युलेटर बंद करण्याआधी ब्लोअर उघडण्याची सवय हाडीमांसी खिळली पाहिजे. झोत थांबला की आगीला बाहेर पडायला वाट उरते ती भट्टीच्या दाराची, आणि दारासमोर चालवणाऱ्याचे हात असतात.

आता पाण्याबद्दल, कारण बागेतल्या मार्गावर खरा धोका माथ्यावर असतो. ६० ला १ च्या चढावर धुरांडं पुढे ठेवून जाताना पाणी मागे, भट्टीकडे येतं. बॉयलरच्या मध्यापासून काच २०० मि.मी. मागे असेल तर ती खऱ्यापेक्षा तीन मि.मी. जास्त दाखवते. माथा ओलांडून तसाच उतार लागला की तेवढंच उलट, म्हणजे एकूण सहा-सात मि.मी.चा फरक पडतो. त्यात ब्रेक लावला की परिस्थिती आणखी बिघडते. ताशी ९ किलोमीटर वेगातली गाडी पाच सेकंदांत थांबवली, तर त्या वेळी बॉयलरमधलं पाणी २० ला १ चा उतार असल्यासारखं पुढे धावतं आणि काचेजवळची पातळी आणखी दहा मि.मी. खाली जाते. माथ्यावर पाव काच पाणी होतं ते उतारावरच्या थांब्याशी दिसेनासं होतं, आणि भट्टीचं छत उघडं पडतं. खाली लाल निखारे आणि वर पाणी नाही, अशी वेळ तांब्यावर आणू नये. म्हणून चढ चढतानाच पाणी घालून माथ्यावर काच अर्ध्याच्या वर ठेवा. पाऊण भागाच्या वर मात्र नको, चढावर पाणी वाफेबरोबर सिलिंडरमध्ये ओढलं जातं आणि धुरांड्यातून काळं पाणी उडतं.

कोळसा थोडा-थोडा, पण वारंवार. एक-दोन फावडी टाकल्यावर धूर क्षणभर करडा होऊन निवळला तर प्रमाण बरोबर. काळा लोट उठत राहिला तर एका वेळी जास्त पडतो आहे.

माणसं बसवल्यावर

जड माणसं इंजिनाजवळ, हलकी आणि मुलं मागे. पुढची ट्रॉली हलकी आणि मागच्या जड असतील तर आखूड वळणात ओढ लागताच हलकी ट्रॉली आतल्या बाजूला खेचली जाऊन घसरते. उंच रुळांवर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसायचं, कोणीही फोटोसाठी वाकायचं नाही. मागे एक गार्ड हवाच, शिट्टी आणि हिरवा-लाल झेंडा घेऊन, आणि ब्रेक ट्रॉलीला हवा. इंजिनाच्या हातब्रेकवर भरलेली गाडी उतारावर थांबत नाही. वेग भराभर चालण्याएवढा पुरे. छोट्या वर्तुळावर एका वेळी दोनच गाड्या सोडा, आणि पुढची नजरेआड असेल तर मागचीने थांब्यावर वाट पाहावी.

फेऱ्यांच्या गडबडीत काच रिकामी दिसली तर तिथेच थांबा, माणसं उतरवा, खीळ ओढून आग पाडा. थंड पाणी घालायचा मोह अजिबात नको. तापलेल्या पत्र्यावर पडलेलं पाणी क्षणात वाफ होतं, आणि दाब किती उसळेल याचा नेम नसतो. बॉयलर निवल्यावर तो परीक्षकाला दाखवल्याशिवाय पुन्हा पेटवू नका.

विझवणी

शेवटच्या फेरीच्या वीस मिनिटं आधी कोळसा टाकणं बंद करा. उरलेल्या आगीवर शेवटची फेरी निघते. इंजिन ठरलेल्या जागी आणून आग पत्र्याच्या पेटीत पाडा, गवतावर नाही. राख वरून पांढरी दिसली तरी आत निखारा तासन् तास जिवंत राहतो, म्हणून झाकण लावा आणि पेटी गाडीत ठेवण्याआधी पूर्ण निवू द्या.

दाब १५ पौंडांखाली आला की ब्लोडाऊन (बॉयलरचं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा. बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तोंड माणसांपासून आणि यजमानाच्या रोपांपासून दूर असू द्या. पाणी गेलं की एखादा व्हॉल्व्ह उघडाच ठेवा. बंद बॉयलर निवताना आत पोकळी तयार होते, आणि इंजेक्टरच्या किंवा तेलाच्या वाटेने घाण आत ओढली जाते. धूरपेटी कोमट असतानाच झाडून काढा. त्या राखेत गंधक असतं, ओल मिळाली की त्याचं आम्ल होऊन पत्रा खातं. दांडे आणि चाकं तेलाच्या फडक्याने पुसली की उद्याचा गंज वाचतो.

निघण्यापूर्वी पुन्हा एकदा पूर्ण मार्ग पायी फिरा, सांडलेला कोळसा आणि राख उचला, रुळांवर पडलेलं तेल पुसा. पकडीचा हिशोब आठवा: त्या तेलावरून उद्या यजमानाचंच इंजिन घसरणार असतं. आणि सर्वांत आखूड वळण, चढ, माथा, ब्रेकची जागा, किती माणसं चढली आणि किती पाणी लागलं, हे एका कार्डावर लिहून क्लबच्या पेटीत ठेवा. पुढच्या वर्षी त्याच बागेत दुसरा कोणी इंजिन नेईल तेव्हा त्याला पहिली फेरी आंधळी मारावी लागणार नाही.